कण्याचे गणित

आमची धाकटी आत्या दोन वर्षे घराचे वासे मोजीत होती. १९५७ सालच्या दिवाळीनंतर तिच्या कण्याला क्षय झाल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला प्लास्टरच्या पन्हळीत उताणे निजवण्यात आले. पाठीच्या मापाने घडवलेली ती पांढरी पन्हळ कऱ्हाडजवळच्या आमच्या घरात, माजघरातल्या बाजेवर ठेवलेली असे. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मी सात वर्षांचा. तिला हात हलवता येत, मान थोडी वळवता येई. बाकीचे शरीर पन्हळीच्या स्वाधीन. नजरेच्या टप्प्यात छप्पर तेवढे. शाळेतून आलो की मी बाजेशी उभा राही आणि ती विचारी, "सांग पाहू, किती वासे?" मी हटकून चुकत असे. मग ती हसून म्हणे, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी या घरात मी एकटीच रे!"

पुढे मी यंत्रशास्त्राचा मास्तर झालो. वाशांवर, तुळयांवर, खांबांवर किती भार येतो हे छत्तीस वर्षे सांगलीत मुलांना शिकवले. पण माणसाच्या अंगातल्या खांबाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, आणि गेले तेव्हा एक मोठी चूक करून गेले. कण्यात स्क्रू, सळया आणि पिंजरे बसवण्याची विद्या कशी जन्मली, तिच्यात संगणक कसा शिरला, आणि आमच्या कृष्णाकाठच्या एका घरापर्यंत ती कशी येऊन पोहोचली, हे सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ते आता सांगतो.

आमच्या भागात त्या काळी कोणाला मोठे दुखणे आले की "मिरजेला नेले" एवढेच सांगत. कोठे, कोणाकडे, हे विचारावे लागत नसे. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, त्या वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव पडले ते आजही आहे. माझ्या लहानपणी हे नाव मोठी माणसे हळू आवाजात उच्चारीत. फुप्फुसाचा क्षय सर्वांना ठाऊक होता. तोच जंतू कण्यात उतरला म्हणजे मणक्याचा पुढचा भाग भुसभुशीत करून टाकतो, वरचा मणका खाली खचतो, आणि पाठीवर टेंगूळ येऊन माणूस कुबडा होतो, हे आम्हांला आत्यामुळे कळले.

कण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ या क्षयापासून झाला, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. कंबरदुखीचा विचार नंतरचा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हाड्रा नावाच्या शल्यवैद्याने १८९१ साली मोडलेल्या मानेचे मणके मागून रुप्याच्या तारेने बांधले, आणि क्षयाने खचणाऱ्या कण्यालाही असेच बांधावे असे सुचवले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोघांनी, आपापल्या रीतीने, मणके एकमेकांशी कायमचे सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. दोघांचेही रोगी क्षयाचेच. दोघांपैकी आल्बीने पायाच्या नळीच्या हाडाची पट्टी काढून ती मणक्यांच्या काट्यांत पाचरीसारखी बसवली. ही सुताराची बुद्धी. हाड हाडाला धरते, ते धरेपर्यंत सांधा हलू द्यायचा नाही: पुढच्या शंभर वर्षांतल्या साऱ्या सळया, स्क्रू आणि पिंजरे या एका विचाराची पिलावळ आहेत.

आत्याला शस्त्रक्रिया झाली नाही. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि पन्हळ, एवढेच. १९५९ सालच्या अखेरीस तिला उठवले तेव्हा तिचे पाय काड्यांसारखे झाले होते आणि पाठीवर लहानसे टेंगूळ उरले होते. तिचे लग्न झाले नाही. तिने आमचे घर सांभाळले आणि १९९८ साली, साठीत, ती गेली.

तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी कण्याविषयीचे जुने लेख वाचताना मला एक गोष्ट आढळली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळाने कोरियात मसान आणि पुसान या दोन गावी कण्याच्या क्षयाच्या रोग्यांवर प्रयोग केले होते. मसानला काही रोग्यांना सहा महिने अंथरुणावर निजवले, बाकीच्यांना औषधे देऊन हिंडूफिरू दिले. पुसानला काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, काहींना घातले नाही. १९७३ साली निष्कर्ष छापून आले: औषधे नीट घेतली तर निजण्याने अथवा प्लास्टरने काही फरक पडत नाही. आपल्याकडे बनारसला डॉ. तुली यांनीही औषधे सर्वांना आणि शस्त्रक्रिया गरज पडेल त्यालाच, असा मधला मार्ग घालून दिला. त्याचे फलित १९७५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आत्याला इंजेक्शनांनी बरे केले होते. पन्हळीने तिची दोन वर्षे तेवढी घेतली. तिला निजवणाऱ्या डॉक्टरांचा यात दोष नाही. त्या वेळी जगभर तेच करीत होते, कारण ते पटण्यासारखे होते. खचणारा खांब आडवा ठेवावा, यात कोणाला शंका येणार? मलाही आली नसती. मी तर खांबांचाच मास्तर.

१९४७ साली धोंडूमामा साठे यांनी सांगलीत सुरू केलेले आणि १९५५ पासून वालचंदांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय विश्रामबागेत आहे. तेथे मी १९६७ साली विद्यार्थी म्हणून आलो. हातात स्लाइड रूल आणि ड्रॉइंगचा बोर्ड. दुसऱ्या वर्षी खांबाचे गणित आले. स्वित्झर्लंडच्या ऑयलरने १७४४ साली मांडलेले ते सूत्र अभियंत्याला गायत्रीसारखे पाठ असते. उंच, बारीक खांबावर भार वाढवत नेला तर तो चिरडण्याच्या आधी बाजूला वाकतो. आणि हा वाकण्याचा भार खांबाच्या लांबीच्या वर्गाने घटतो.

मास्तर झाल्यावर मी या विषयाला गावचा संदर्भ द्यायचो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल पोती उचलतात, त्यांचे गणित मी फळ्यावर मांडी. कमरेच्या खालच्या मणक्याचा मध्य हा टेकू धरा. पन्नास किलोचे पोते त्याच्यापुढे चाळीस सेंटिमीटरवर; वाकलेल्या धडाचे वजन चाळीस किलो, ते वीस सेंटिमीटरवर. पाठीचे स्नायू टेकूच्या मागे, पण अवघ्या पाच सेंटिमीटरवर. पुढचा तोल २००० आणि ८००, मिळून २८००. त्याला पाचाने भागा. स्नायूंनी ५६० किलो ओढ लावली पाहिजे, आणि ती सगळी मणक्यावर दाबाच्या रूपाने येते. वरचे वजन मिळवले की सहाशेच्या वर. मुले चकित होत. एका मुलाने विचारले, "सर, मग हमाल मोडत का नाही?" तो हमालाचाच मुलगा होता. मी त्याला १९५७ सालचा बार्टेलिंक यांचा लेख सांगितला: पोटातला दाब वाढला की तो फुगलेल्या पिशवीसारखा धडाला पुढून उचलून धरतो आणि कण्यावरचा भार हलका करतो. मुलगा म्हणाला, "म्हणून बाबा पोटावर शेला आवळतात." या उपपत्तीत किती तथ्य आहे यावर नंतर बराच वाद झाला. पण शेला वादाच्या आधीपासून होता, आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पदक मिळाले तेव्हा त्यांनाही कंबर कसणे म्हणजे काय हे कोणा डॉक्टरने शिकवले नव्हते.

आता खरी मौज ऐका. १९६१ साली कॅलिफोर्नियात लुकास आणि ब्रेस्लर यांनी मृत माणसाचा कणा घेतला. स्नायू काढून टाकले, मणके, गाद्या आणि बंध तेवढे ठेवले, तळ पक्का केला आणि वरून भार दिला. तो कणा सुमारे वीस न्यूटनला, म्हणजे दोन किलोला वाकून पडला. माणसाचे नुसते डोके चार-पाच किलोचे असते! पुढे येल विद्यापीठात क्रिस्को आणि मनोहर पंजाबी यांनी फक्त कमरेचा भाग घेऊन पाहिले. तो नऊ किलोच्या आसपास कोलमडला. एकीकडे हमालाच्या कमरेवर सहाशे किलो, दुसरीकडे प्रयोगशाळेत नऊ. दोन्ही आकडे खरे. मधली तफावत कोण भरून काढतो, हा या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे, आणि मी तो वेळेवर विचारला नाही.

१९७४ साली मी पवईला एम.टेक.ला गेलो. आय.आय.टी.त तेव्हा नुकताच रशियन बनावटीचा ईसी-१०३० संगणक आला होता. छिद्रे पाडलेली कार्डे द्यायची, दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचे. एक स्वल्पविराम चुकला तर एक दिवस फुकट. तेथे मी जी पद्धत शिकलो तिला इंग्रजीत फायनाइट एलिमेंट म्हणतात. हे नाव क्लफ यांनी १९६० साली दिले; तिची मुळे विमानाच्या पंखांचे गणित करणाऱ्यांच्या कामात होती. कल्पना सोपी आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूचे गणित एकदम सुटत नाही. म्हणून तिचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे सोपे समीकरण लिहायचे, शेजारच्या तुकड्यांच्या कडा जुळल्या पाहिजेत अशी अट घालायची आणि हजारो समीकरणे यंत्राकडून एकदम सोडवून घ्यायची. मी भोक असलेली एक पत्र्याची पट्टी घेऊन बसलो होतो. त्याच वर्षी शिकागोत बेलिट्श्को आणि त्यांचे सहकारी या पद्धतीने दोन मणक्यांमधल्या गादीचे गणित करीत होते, हे मला त्या वेळी कळले असते तर माझी पट्टी मला फार केविलवाणी वाटली असती.

गादी ही चीज विलक्षण आहे. आत लिबलिबीत गर, भोवती तंतूंची कडी. एका थराचे तंतू डावीकडे तिरपे, पुढच्याचे उजवीकडे, सुतळीच्या बाजेच्या विणीसारखे. दाब आला की गर चहूकडे पसरू पाहतो आणि वीण त्याला आवळून धरते. स्वीडनचे नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब शंभर धरला तर निजल्यावर पंचवीस, बसल्यावर एकशेचाळीस. हे आकडे मी वर्षानुवर्षे शिकवले. बसणे उभे राहण्याहून वाईट, असे घरीदारी सांगत सुटलो. १९९९ साली जर्मनीत विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत मापक ठेवून पुन्हा मोजले. निवांत बसल्यावरचा दाब उभे असतानाच्या दाबाहून किंचित कमीच भरला. वीस किलो वजन पाठ वाकवून उचलताना मात्र तो उभ्याच्या साडेचार पटींवर गेला. एकाच माणसाचे मोजमाप, हे खरे. पण तेव्हापासून मी बसण्याविषयी बोलणे सोडले.

शल्यवैद्य गणिताची वाट पाहत बसले नव्हते. होनोलुलूत क्लावर्ड यांनी १९४०च्या दशकातच खराब गादी मागच्या बाजूने काढून तिच्या जागी हाडाचे तुकडे ठोकून बसवण्याची रीत काढली. ही रीत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी अग्रणी होते. 'ताठ कणा' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक असेल. पॅरिसला रॉय-कामिय यांनी १९६३ पासून मणक्याच्या मागच्या कमानीला धडाशी जोडणाऱ्या दोन आखूड देठांतून स्क्रू घालायला सुरुवात केली. टेक्सासमध्ये पोलिओने वाकड्या झालेल्या मुलांसाठी हॅरिंग्टन यांनी पोलादी सळई काढली. आणि स्वीडनचे फर्नस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात गादीच्या जागी सरळ पोलादाचा गोळा ठेवला. गोळा म्हणजे बेअरिंग, कमर कशी छान फिरेल! पुष्कळ रोग्यांत तो गोळा हळूहळू मणक्यात रुतला. गोळा पृष्ठभागाला टेकतो ते जवळजवळ एका बिंदूवर. सगळा भार त्या बिंदूवर येतो, आणि मणक्याचे आतले हाड स्पंजासारखे असते. हे सांगायला संगणक लागत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने सांगितले असते, पण त्याला विचारतो कोण.

पिंजऱ्याची गोष्ट घोड्यापासून सुरू होते. अमेरिकेत काही घोड्यांच्या मानेतले मणके सरकून मज्जारज्जू दबतो आणि ते झोकांड्या खाऊ लागतात. जॉर्ज बॅग्बी या अस्थिशल्यज्ञांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी सच्छिद्र पोलादी नळी केली: तीत घोड्याच्याच हाडाचा चुरा भरून ती दोन मणक्यांमध्ये बसवायची, म्हणजे छिद्रांतून हाड वाढून दोन्हीकडे धरते. माणसासाठी तिचे टायटॅनियमचे रूप झाले, आणि त्याला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आमच्याकडे खिल्लारी बैलाचा खांदा आला तर त्याला विश्रांती देतात. मणक्यात नळी घालण्याइतके त्याचे भाग्य नाही. पूर्व बर्लिनमध्ये तर १९८०च्या दशकात हलणारी कृत्रिम गादी करणाऱ्या दोघांपैकी एक होत्या कारिन ब्युटनर-यान्स. १९७२ साली म्युनिकला जिम्नॅस्टिक्समध्ये दोन सुवर्णपदके मिळवलेली स्त्री पुढे अस्थिशल्यज्ञ झाली. कमरेची लवचिकता म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. २००३ साली एका विद्यार्थ्याचा प्रबंध माझ्याकडे होता. कमरेचे दोन मणके, त्यांमधला पिंजरा, मागे चार स्क्रू. पिंजऱ्याचा आकार थोडा बदलला की हाडावरचा ताण कमी होतो, असा निष्कर्ष. चित्रे फार देखणी होती: जास्त ताण तेथे तांबडा, कमी तेथे निळा, मधे इंद्रधनुष्य. खालचा मणका आम्ही जमिनीत पुरलेल्या खांबासारखा पक्का धरला होता आणि वरच्या मणक्यावर सरळ उभा भार ठेवला होता. मी सही केली, मुलाला पहिला वर्ग मिळाला. निकालानंतर महिन्याभराने मला एक १९९९ सालचा लेख सापडला. तो आमच्या वाचनालयातच होता.

लेखक शिकागोजवळच्या लॉयोला विद्यापीठातले अविनाश पटवर्धन आणि त्यांचे सहकारी. पटवर्धन हे आडनाव वाचल्यावर सांगलीकराचे कान टवकारतात. येथल्या गणपतीच्या देवळापासून राजवाड्यापर्यंत सगळीकडे तेच नाव. पण मराठी मुलुखात पटवर्धन उदंड आहेत, आणि नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा. नाते जोडायचे ते त्यांच्या कल्पनेशी. त्यांनी विचारले: नऊ किलोला कोलमडणारी कंबर जिवंतपणी शेकडो किलो कशी पेलते? उत्तर असे की स्नायू भाराला सरळ खाली जाऊ देत नाहीत. कण्याला जो बाक आहे त्या बाकाच्या अंगाने, प्रत्येक मणक्यापाशी दिशा बदलीत, ते भाराला खाली उतरवतात. पटवर्धनांनी प्रेताच्या कमरेच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी तारा ओढल्या. प्रत्येक मणक्यावर त्या तारा वाटाड्यातून नेल्या, म्हणजे ओढ नेहमी बाकाला धरून राहील. नऊ किलोला पडणारी ती कंबर बाराशे न्यूटन, म्हणजे एकशेवीस किलो, पेलून उभी राहिली आणि फारशी हललीही नाही. मणी ओवलेली माळ टेबलावर उभी करून पाहा, पडते. दोरा आवळून धरा. काठीसारखी उभी राहते. या भाराला त्यांनी 'फॉलोअर लोड' म्हटले. मागोमाग जाणारा भार.

मी त्या विद्यार्थ्याचे गणित बाहेर काढले. आम्ही ठेवलेला उभा भार खऱ्या कण्यावर ठेवला असता तर तो कण्याला आडवा करून गेला असता. आमचा कणा पडला नाही, कारण आम्ही दोनच मणके घेतले होते आणि खालचा पुरून ठेवला होता. माळेचे दोन मणी टेबलाला चिकटवून "माळ उभी राहते" म्हणण्यासारखे ते होते. पिंजऱ्याच्या आकारामुळे ताण कमी होतो की नाही, हे आमच्या चित्रांवरून सांगताच येत नव्हते. मुलगा नोकरीला लागला होता. मी त्याला पत्र लिहिले; त्याचे सभ्य उत्तर आले. प्रबंध अजून कपाटात आहे, त्यावर माझी सही आहे.

त्या सहीची आठवण मला २०१९ साली नीट झाली. आमच्या सौ.चा कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला होता. चार घरे चालली की पाय भरून येत, मग ती कोणाच्या तरी ओट्यावर बसे आणि "तुमच्या तुळशीला काय घातलेत?" असे काहीतरी विचारून वेळ मारून नेई. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली: टायटॅनियमचे चार स्क्रू, दोन सळया, मधे 'पीक' नावाच्या प्लास्टिकचा पिंजरा. पीक म्हटल्यावर तिला हसू आले, शेतकऱ्याचीच मुलगी ती. टायटॅनियम हाडाच्या कवचाच्या आठ-नऊ पट ताठर असते. हे पीक कवचाहूनही मऊ. म्हणून ते भार स्वतः गिळत नाही, आतल्या हाडावर येऊ देते, आणि भार आला तरच हाड वाढते. हे मी तिला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "मला पाटावर मांडी घालून बसता येईल का?"

डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "शक्यतो खुर्ची वापरा, आजी." ते आकडा देऊ शकले नाहीत, कारण तो आकडा कोणी काढलेला मला तरी भेटला नव्हता. कण्याची मॉडेले पुढे वाकवतात, मागे वाकवतात, बाजूला झुकवतात, पिळतात, आणि प्रत्येक वेळी साडेसात किंवा दहा न्यूटन-मीटरचा तोच पीळ देतात. बर्लिनला रोहलमन आणि बर्गमन यांनी रोग्यांत बसवायच्या सळयांतच मापके घालून चालताना, बसताना किती भार येतो हे रेडिओलहरींनी बाहेर ऐकले. पण त्यांचे रोगी खुर्चीवर बसणारे होते. चुलीपुढे उकिडवे बसणे, उसाच्या फडात वाकून बुडखा तोडणे, पंगतीत मांडी घालणे, या आसनांना त्या कोष्टकांत रकानाच नाही.

शस्त्रक्रिया मिरजेतच झाली आणि चांगली झाली. ती हिंडूफिरू लागल्यावर मी तिचे सी.टी.चे चित्र घेऊन माझ्या जुन्या विभागात गेलो. तेथे कुंडलकडची एक मुलगी कण्यावरच काम करीत होती. मी तिला पहिला प्रश्न विचारला, "स्नायू कोठे आहेत?" ती म्हणाली, "सर, फॉलोअर लोड घातलाय ना." मला पटवर्धनांना नमस्कार करावासा वाटला. तिने सौ.च्या कमरेचे पाचही मणके मिलिमीटर-मिलिमीटरच्या कापांतून उभे केले होते, तुकड्यांची संख्या काही लाखांत. ईसी-१०३०ला हे काम दिले असते तर तो संगणक काय करता कोणास ठाऊक.

आम्ही दोघे तीन महिने मांडीच्या मागे लागलो. मांडी घातली की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, कटी मागे कलते. सांधलेला चौथा-पाचवा मणका आता वाकत नाही. त्याचा वाटा शेजारच्या वरच्या गादीवर जातो. हा शेजारधर्म शल्यवैद्यांना चांगला ठाऊक आहे. काही वर्षांनी ती वरची गादीही कुरकुरू लागते. किती वाटा जातो, हा आमचा प्रश्न. मुलीने स्क्रूची जाडी साडेपाच मिलिमीटरची साडेसहा करून पाहिली. वरच्या गादीत नाव घेण्याजोगा बदल झाला नाही. मग मी म्हटले, स्नायूंची ओढ निम्मी करून पाहा, नंतर दीडपट. उत्तर स्क्रूच्या बदलाहून कितीतरी जास्त हलले. म्हणजे आमचे उत्तर धातूवर अवलंबून नव्हते. एका पासष्टीच्या बाईचे पाठीचे स्नायू मांडी घालताना किती ओढतात यावर होते, आणि तो आकडा आम्ही अंदाजाने घातला होता. २०१४ साली जगातल्या आठ गटांनी आपापली आठ मॉडेले एकाच कसोटीला लावून पाहिली होती. एकेकटे प्रत्येक मॉडेल कोठे ना कोठे भरकटले. आठांचा मधला आकडा मात्र प्रत्यक्ष मोजमापाशी चांगला जुळला. आमच्याकडे मॉडेल एकच. मुलीने आपल्या प्रबंधात मांडीचे प्रकरण घातले आणि त्याच्या आरंभीच, पहिल्या परिच्छेदात, हा स्नायूंचा अंदाज उघड लिहिला. मी तिला ते कोठेतरी शेवटी टाक असे सुचवले नाही.

चित्रे मी घरी आणली होती. सौ.ने चष्मा लावून ती पाहिली. आपलाच कणा निळा-हिरवा पाहताना तिला थोडे संकोचल्यासारखे झाले असावे. वरच्या गादीजवळचा तांबडा पट्टा दाखवून ती म्हणाली, "हे दुखणार का?" मी म्हणालो, "ते मांडी किती वेळ घालशील त्यावर आहे, आणि पाठीचे व्यायाम किती करशील त्यावर." "म्हणजे तुम्हांला माहीत नाही," ती म्हणाली. मी गप्प बसलो. आत्याला निजवणाऱ्यांना माहीत होते, निदान त्यांना तसे वाटत होते.

२०२० च्या दिवाळीत, करोनामुळे घरात आम्ही दोघेच होतो. फराळाची ताटे मी टेबलावर मांडली होती. ती स्वयंपाकघरातून पाट घेऊन आली, भिंतीशी टाकला, एका हाताने कपाट धरून खाली बसली आणि मांडी घातली. "घड्याळ लावा," म्हणाली. मी लावले. तिने चकली मोडली, चिवड्यातले खोबरे वेचून खाल्ले, पुतण्याला फोन केला, त्याच्या बायकोच्या अनारशांची चौकशी केली. अकरा मिनिटे झाली तेव्हा तिने पुढे हात केला. मी तिला उठवले.